माजाळीच्या किनाऱ्यावरील डांबरगोळे आणि समुद्राच्या तळातून पाझरणारे तेल

कंकुंबीकर (धागाकर्ता)

नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरची मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्यामार्गे कारवारजवळच्या माजाळीला गेलो होतो. संध्याकाळी वाळूवर अनवाणी हिंडून आलेल्या नातवंडांच्या तळपायांना काळे, चिकट असे काहीतरी लागलेले दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीची रेषा पाहिली, तेव्हा पावट्याच्या दाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे काळे गोळे शेवाळ आणि शिंपल्यांच्या रांगेत पडलेले होते. ऊन चढले तसे ते मऊ पडू लागले आणि नव्या रस्त्याला येतो तसा वास सुटला. त्यांतले दोन गोळे मी सोबत आणले आहेत.

परतीच्या वाटेवर आमच्या व्याह्यांनी भ्रमणध्वनीवर आलेला एक संदेश वाचून दाखवला. समुद्रात मिसळणाऱ्या तेलापैकी निम्मे तेल निसर्ग स्वतःच तळातून सोडत असतो, तेव्हा जहाजांच्या आणि तेलविहिरींच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय होता. खानापूर तालुक्यात तीस वर्षे भूगोल शिकवूनही मला त्यावर धड उत्तर देता आले नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे.

माझे प्रश्न असे आहेत की हा निम्म्याचा हिशेब खरा आहे काय, तळातून येणाऱ्या अशा तेलाचा तिथल्या जीवांवर नेमका काय परिणाम होतो, आणि माजाळीचे गोळे त्याच तेलाचे असू शकतील काय. सीमाप्रश्नावरचे धागे येथे पुष्कळ आहेत. हा धागा समुद्रापुरताच राहिला तर मी सर्वांचा ऋणी राहीन.

भूस्तर

सर, नमस्कार. बेळगावात भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो.

आपल्या व्याह्यांनी वाचलेला आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली समुद्रातील तेलाचा एक मोठा लेखाजोखा प्रसिद्ध केला. त्यात जगातील समुद्रांत दरवर्षी मिसळणाऱ्या सुमारे १३ लाख टन तेलापैकी सुमारे ६ लाख टन, म्हणजे जवळपास ४६ टक्के, तेल नैसर्गिक मार्गाने येते असा अंदाज दिला होता. मात्र त्याच अंदाजाची खालची मर्यादा २ लाख टन आणि वरची २० लाख टन होती. खालचे टोक वरच्या टोकाच्या दहाव्या हिश्श्याएवढे असलेला अंदाज संदेशात शिरताना 'निम्मे' होऊन बसतो, आणि त्यासोबतच्या मर्यादा वाटेत गळून पडतात.

आता हे तेल येते कसे, ते पाहू. प्राचीन समुद्रांतील सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली गाडले जातात, लाखो-कोट्यवधी वर्षे उष्णता आणि दाब सोसून त्यांचे तेल व वायू बनतात. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते खडकातील छिद्रांमधून वर सरकू पाहते. वरती अभेद्य खडकाचे झाकण असेल तर ते तिथेच साठते आणि त्याला आपण तेलसाठा म्हणतो. झाकणाला भेग असेल तर ते तळाच्या चिखलातून बाहेर येते. मेक्सिकोच्या आखातात खोलवर मिठाचे जाड थर आहेत. हे मीठ वरच्या गाळाच्या भाराने घुमटासारखे वर चढते आणि वरच्या थरांना भेगा पाडते, म्हणून तिथे अशा शेकडो जागा आहेत. जमिनीवरही हे घडते. आसामात १८६७ साली माकुमला आणि १८८९ साली डिगबोईला तेल लागले, त्याआधी त्या जंगलांत तेल जमिनीवर पाझरत असल्याचे लोकांना ठाऊक होतेच. आपल्या बेळगावच्या पायाखाली मात्र लाव्हाचा कातळ आहे आणि गोकाकच्या बाजूला अतिप्राचीन वालुकाश्म आहे, त्यामुळे विहीर खणताना तेल लागेल या आशेवर कोणी राहू नये.

मी मुद्दामच 'गळती' हा शब्द टाळून 'पाझर' म्हणतो. पाझर तलाव पाहिलेल्या माणसाला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ कोल ऑइल पॉइंट नावाची जागा आहे. तिथल्या समुद्रतळातून दररोज सुमारे १०० ते १५० बॅरल, म्हणजे १६ ते २४ हजार लिटर, तेल पाझरते. जगातील सर्वाधिक अभ्यासलेल्या पाझरांपैकी तो एक आहे. तिथले मूळ रहिवासी चुमाश लोक हेच डांबर फळ्यांच्या होड्यांच्या सांधीत भरून त्या जलाभेद्य करीत असत. तळातून निघालेला वायूचा बुडबुडा तेलाचे पातळ आवरण घेऊन वर येतो, पृष्ठभागावर फुटतो आणि तेल पसरते. त्यातले हलके घटक काही तासांत ते दिवसभरात उडून जातात, काही पाण्यात विरघळतात, काही जिवाणू खातात, आणि जड भाग गाळाला चिकटून पुन्हा तळाशी बसतो किंवा गोळे होऊन किनाऱ्याला लागतो. २००९ साली तिथल्या तळाच्या गाळाची मोजणी प्रसिद्ध झाली, तेव्हा पाझराच्या जागेपासून प्रवाहाच्या दिशेने पसरलेल्या पट्ट्यात साठलेले तेल १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या अपघातासारख्या ८ ते ८० अपघातांइतके असावे, असा अंदाज निघाला. शेकडो वर्षांचा तो साठा आहे.

जीवांवरील परिणामांबद्दल येथील जीवशास्त्राच्या मंडळींनी लिहावे.

उद्यमबागचा लेथवाला

जीवशास्त्र माझे नव्हे, परंतु भूस्तर सरांनी 'जिवाणू तेल खातात' असे लिहिले आहे, त्यावर कारखान्यातला अनुभव सांगण्यासारखा आहे.

लेथवर काम करताना हत्यार थंड राहावे म्हणून जे दुधासारखे कुलंट सोडतो, त्यात पाणी आणि थोडे तेल असते. यंत्राच्या सरकपट्ट्यांवरचे वंगण गळून त्या टाकीत वर तरंगत राहते. दोन-तीन दिवस सुटी आली आणि कारखाना बंद राहिला, की उघडल्यावर टाकीतून कुजलेल्या अंड्यांचा असा वास येतो की नवीन मुलगा पहिल्या दिवशीच नोकरी सोडतो. त्याचे कारण मला एका कुलंट विकणाऱ्या गृहस्थाने सांगितले होते. वरच्या तेलाच्या थरामुळे हवा आत जात नाही, खालचे पाणी घुसमटते, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर गुजराण करून तो वायू सोडतात. आम्ही वरचे तेल काढून टाकतो आणि माशांच्या काचपेटीत लावतात तसला हवेचा छोटा पंप सोडतो. वास उतरतो.

समुद्राच्या तळाशी असेच काहीतरी घडत असेल काय? हा माझा प्रश्न आहे, विधान नव्हे.

नंदगडची

लेथवाले दादा, तुमच्या टाकीत जे घडते त्याच्याशी फार जवळचे नाते असलेली प्रक्रिया समुद्रतळाशी घडते आणि तिच्यावर एक संपूर्ण वस्ती उभी राहते. माझे गाव खानापूर तालुक्यातले नंदगड, सध्या गोव्यात समुद्रजीवशास्त्राचे शिक्षण घेते आहे. थोडे सविस्तर लिहिते.

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रात उष्ण पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी सापडली, हे अनेकांनी वाचले असेल. पुढे १९८४ मध्ये फ्लोरिडाजवळच्या समुद्रातील कड्याच्या पायथ्याशी, ३२०० मीटरच्या आसपास खोलीवर, तशीच वस्ती आढळली. परंतु तिथे उष्णता नव्हती. अशा जागांना 'थंड झरे' म्हणतात. त्यांच्यातून मिथेन, गंधकयुक्त वायू आणि काही ठिकाणी तेल पाझरते.

तळाच्या चिखलात बोटभर खाली गेले की प्राणवायू संपतो. तिथे मिथेन वापरणारे आर्किया नावाचे सूक्ष्म जीव आणि गंधकाचे क्षार वापरणारे जिवाणू एकमेकांना बिलगून गोळक्यांनी राहतात. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटच्या, म्हणजे त्याच गंधकाच्या क्षारांच्या, साहाय्याने ते मिथेनचे विघटन करतात. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तुमच्या टाकीतला तोच वायू. दुसरी म्हणजे बायकार्बोनेट, ज्याचा पाण्यातील चुन्याशी संयोग होऊन चिखलात दगड तयार होतो. या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण मला ती विशेष वाटते. खोल समुद्राचा तळ मैलोन्मैल मऊ चिखलाचा असतो, त्यावर प्रवाळाला पाय रोवायला जागा नसते. पाझर जिथे जुना होऊन मंदावतो तिथे हा दगड उघडा पडतो आणि त्यावर थंड पाण्यातील प्रवाळ वाढतात. म्हणजे मिथेनच्या जुन्या पाझरावर प्रवाळाचे रान उभे राहते.

हायड्रोजन सल्फाइड आपल्याला विषारी, परंतु नळीकृमींना तोच आधार आहे. या कृमींना तोंड नाही, आतडे नाही. शरीराचा मुळासारखा भाग चिखलात खोल रोवून ते हा वायू शोषतात आणि पोटातल्या जिवाणूंना पुरवतात. जिवाणू त्यावर अन्न तयार करून यजमानाला पोसतात. मेक्सिकोच्या आखातातील लॅमेलिब्रॅकिया जातीचा दोन मीटर लांबीचा कृमी १७० ते २५० वर्षांचा असतो, असे वाढीच्या वेगावरून काढलेले अनुमान आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा लढली तेव्हा चिखलात रुजलेला एखादा कृमी आजही तिथे डोलत असेल. याच आखातात गोठलेल्या मिथेनच्या बर्फात बिळे करून राहणारे गुलाबी किडे १९९७ मध्ये सापडले. आपल्याकडेही कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या खोल समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना असे थंड झरे आढळले आहेत, त्यामुळे हा केवळ परदेशी विषय राहिलेला नाही.

एवढे वाचून पाझर म्हणजे अन्नछत्र असे कोणी समजू नये. जिथे तेलाचा जोर सर्वांत अधिक, त्या ऐन गाभ्यात मोजक्याच जाती टिकतात. त्यांची संख्या अफाट असते, पण विविधता तुटपुंजी असते. कोल ऑइल पॉइंटजवळच्या माशांच्या यकृतांत विषारी घटकांचा निचरा करणारी विकरे (एन्झाइम) वाढलेली आणि कल्ल्यांवर इजा झालेली आढळली. मासे मरून तरंगत नव्हते, जगत होते, परंतु शरीराची झीज सोसून. समुद्रपक्ष्यांना तर या तेलाची सवय होण्याचा मार्गच नाही. पिसांना तेल लागले की त्यांची जलरोधकता जाते, पक्षी गारठतो आणि पिसे साफ करताना तेच तेल गिळतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २००५ ते २०१० या काळात तेलाने माखलेले जे पक्षी सापडले, त्यांच्या पिसांवरील तेल तपासले असता त्यात नैसर्गिक पाझराचा वाटा सर्वांत मोठा निघाला. जहाज नाही, विहीर नाही, तरी पक्षी मेला. निसर्गाचे तेल आहे म्हणून ते सौम्य आहे, असा समज यापुढे तरी कोणी बाळगू नये.

निपाणीकर

मी शास्त्रज्ञ नाही, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात आयुष्य गेले, म्हणून हिशेबाच्या अंगाने शंका विचारतो. राग मानू नये.

वर्षाला ६ लाख टन म्हणा, २ लाख म्हणा. लाखो वर्षे हे चालले आहे आणि समुद्र जिवंत आहे. इतकेच नव्हे, नंदगडच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे तेल खाणारे, तेलावर राहणारे जीव तयार झाले आहेत. मग एखादे जहाज बुडाले किंवा विहीर फुटली की वर्तमानपत्रे आकाश कोसळल्यासारखी का लिहितात? ज्याच्या घरात रोज चुलीचा धूर आहे त्याला एका दिवसाच्या धुराचे काय?

दुसरे असे की, मी वाचले आहे त्याप्रमाणे त्याच सांता बार्बराजवळ हॉली नावाच्या तेलफलाटाने तेल उपसल्यावर आसपासचा नैसर्गिक पाझर कमी झाला. म्हणजे तेल काढणे हीच समुद्राची सफाई ठरते. हे चूक असल्यास कोठे चूक आहे ते दाखवावे.

भूस्तर

निपाणीकर, शंका रास्त आहे आणि हिशेबानेच उत्तर देतो.

त्याच २००३ च्या अहवालानुसार मेक्सिकोच्या संपूर्ण आखातात दरवर्षी सुमारे १ लाख ४० हजार टन, म्हणजे अंदाजे १० लाख बॅरल, तेल पाझरते. ते शेकडो जागांतून, थेंबाथेंबाने, बारा महिने येते. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार मरण पावले आणि ८७ दिवस विहीर वाहत राहिली. अमेरिकन सरकारच्या अंदाजानुसार तिच्यातून ४९ लाख बॅरल तेल निघाले. म्हणजे संपूर्ण आखाताचा सुमारे पाच वर्षांचा पाझर एकाच भोकातून तीन महिन्यांच्या आत बाहेर आला. वार्षिक पाऊस तेवढाच असला तरी तो चार महिने रिमझिम पडणे आणि एका रात्रीत पडणे यांत काय अंतर आहे, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा, वेदगंगा आणि कृष्णेच्या काठावरच्या माणसांनी पाहिले आहे, आणि निपाणीकरांना ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

तवंगाचेही तसेच. पाझरातून आलेला रुपेरी तवंग एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या हिश्श्याइतका जाड धरला, तर एक चौरस किलोमीटर पसरलेल्या तवंगात केवळ १०० लिटर तेल भरते. दिसायला प्रचंड, पण आत एक पिंपभरही तेल नाही. अपघातातील तेल मात्र बोटभर जाड थराने किनाऱ्याला येते आणि खाजणातील मुळे गुदमरवते.

हॉलीबद्दल आपण वाचले ते खरे आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या फलाटाभोवतीचा पाझर घटलेला आढळला, कारण उपशामुळे साठ्यातील दाब उतरला होता. परंतु तो पाझर त्याच उथळ साठ्याशी जोडलेला होता. जगातील सर्वच पाझर उपसल्या जाणाऱ्या साठ्यांशी जोडलेले आहेत असे म्हणता येत नाही, आणि त्याच सांता बार्बराच्या खाडीत १९६९ च्या जानेवारीत दुसऱ्या एका फलाटाखालची विहीर फुटून सारा किनारा काळा झाला होता, हेही त्याच वहीत लिहावे लागेल. एका गावच्या पाटाचे पाणी साऱ्या तालुक्याला लागू करू नये.

निम्म्याच्या आकड्यावर आणखी एक गोष्ट राहिली. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१४ ते २०१९ या काळातील ५ लाख ६० हजारांहून अधिक उपग्रह-रडार चित्रे तपासून जगभरातील तवंगांचा नकाशा त्यात केला होता. तवंगांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ९४ टक्के माणसामुळे आणि ६ टक्केच नैसर्गिक पाझरामुळे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. आता येथे मला स्वतःच्याच बाजूला आवर घातला पाहिजे: हा हिशेब पृष्ठभागावर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा आहे, २००३ चा हिशेब वजनाचा होता. दोन्ही आकडे एकाच तराजूत टाकता येणार नाहीत. तरीसुद्धा, पृष्ठभागावर राहणाऱ्या पक्ष्याला, कासवाला आणि माशांच्या अंड्यांना जो तवंग भेटतो तो बहुतेक वेळा कोणाचा असतो, याचे उत्तर त्यातून मिळते.

नंदगडची

चुलीच्या धुराच्या दाखल्यावर मला लिहायचे आहे.

तेल खाणारे जिवाणू आहेत, हे खरे. अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा जिवाणू १९९८ मध्ये वर्णिला गेला. स्वच्छ पाण्यात तो जेमतेम सापडतो आणि तेल आले की झपाट्याने वाढतो. पाझर असलेल्या समुद्रात असे जिवाणू सतत थोड्या संख्येने तयार असतात. २०१० च्या अपघातानंतर सुमारे ११०० मीटर खोलीवरच्या पाण्यात, जिथे तापमान ५ अंशांच्या आसपास होते, तिथेही ते वेगाने वाढले. याचे श्रेय त्या आखातातील पाझरांना द्यावेच लागेल. पण त्यांना तेलाबरोबर प्राणवायू, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. शंभर माणसांच्या पंगतीची तयारी असलेल्या घरी दहा हजार माणसे आली तर वाढपी कितीही चपळ असला तरी उपयोग नाही. आपल्या अरबी समुद्राचे तर आणखी वेगळे आहे. साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात येथे मुळातच प्राणवायू अत्यल्प आहे. वरच्या कोमट, हवेशीर पाण्यात जिवाणूंचे काम चांगले चालते, पण त्या मधल्या थरात उतरलेले तेल तेवढ्या वेगाने संपेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आणि सवयीचा मुद्दा. अपघाताच्या विहिरीपासून सुमारे ११ किलोमीटरवर, १३७० मीटर खोलीवर प्रवाळांची एक वस्ती होती. पाझरांच्या समुद्रातले, पाझरातून बनलेल्या दगडांवर वाढणारे प्रवाळ. अपघातानंतर काही महिन्यांनी शास्त्रज्ञ तिथे पोहोचले, तेव्हा त्यांच्यावर तपकिरी, कापसासारखा गाळ बसला होता आणि पेशी मरत होत्या. ज्यांच्या पूर्वजांनी तेलाच्या शेजारी पिढ्या काढल्या, त्यांनाही ती मात्रा सोसली नाही.

आणखी एक निरीक्षण सांगण्याजोगे आहे, कारण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. २०१६ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील अभ्यासात पाझरांच्या वरच्या पाण्यात आजूबाजूपेक्षा हरितद्रव्य, म्हणजे वनस्पतिप्लवक, अधिक आढळले. 'तेल हे समुद्राचे खत' अशा मथळ्यांनी ती बातमी फिरली. अभ्यासकांचे स्पष्टीकरण वेगळे होते: वर चढणारे तेल-वायूचे बुडबुडे खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी सोबत ओढून आणतात आणि त्या पाण्यावर प्लवक वाढते. मोट वर येते तेव्हा पाणी शेताला लागते, दोराला कोणी खत म्हणत नाही.

माजाळीची लेक

माझे माहेर माजाळी, सासर बेळगाव. सरांनी गावाचे नाव घेतल्यामुळे लिहिल्यावाचून राहवले नाही.

हे गोळे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पावसाआधी वारा पश्चिमेकडून जोर धरू लागला की येतात, कोणत्या वर्षी थोडे, कोणत्या वर्षी पाय ठेवायला जागा नाही इतके. रापणीच्या जाळ्याला चिकटले की ते साध्या पाण्याने सुटत नाहीत. आजोबा रॉकेलच्या बोळ्याने एकेक गाठ पुसत बसत, आणि मग रॉकेलचा वास जाईपर्यंत जाळे वाळूवर पसरून ठेवावे लागे. एक दिवसाची मासळी त्यात गेली. घरचे वडीलधारे त्याला जहाजाचे डांबर म्हणत. समुद्राच्या तळातून येते असे कोणाच्या तोंडून मी ऐकले नाही, अर्थात तळ कोणी पाहिला होता?

२००६ ची आठवण मात्र स्पष्ट आहे. ३० मे रोजी ओशन सेराया नावाचे मालवाहू जहाज कारवारसमोरच्या ऑयस्टर रॉकच्या खडकांवर चढले आणि त्याच्या इंधनाच्या टाक्यांतील तेल समुद्रात आले. ऐन पावसाच्या तोंडावर, समुद्र खवळलेला, त्यामुळे अडवणेही कठीण होते. तवंग उत्तरेला गोव्याच्या हद्दीत गेला. त्या दिवसांत आमच्याकडे तिसऱ्या आणि कालवे कोणी घेईना. घेतलेल्या माणसाने शिजवताना रॉकेलचा वास येतो म्हणून टोप बाहेर ओतला. मासा पोहून दूर जातो, शिंपला कोठे जाणार? जिथे रुजला तिथेच पाणी गाळत बसतो आणि पाण्यात जे असेल ते पोटात घेतो. आमच्या शेजारच्या बाईची त्या हंगामाची सगळी कमाई तिसऱ्यांवर होती.

नंदगडच्या ताई, हे दरवर्षीचे गोळे नक्की कोठून येतात ते तुमच्या संस्थांनी शोधले आहे काय?

नंदगडची

ताई, शोधले आहे. प्रत्येक तेलसाठ्यातील तेलात होपेन, स्टेरेन अशा काही टिकाऊ संयुगांचे प्रमाण वेगवेगळे असते. तेल उन्हात वाळले, लाटांनी घुसळले, जिवाणूंनी अर्धे खाल्ले, तरी ही संयुगे सहसा शिल्लक राहतात. त्यांच्यावरून गोळ्याचे कुळ सांगता येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या किनाऱ्यावरील गोळ्यांची अशी तपासणी केली, तेव्हा काही गोळे मुंबई हाय क्षेत्रातील कच्च्या तेलाशी जुळले आणि काहींचा माग टँकरांच्या टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाकडे गेला. माजाळी गोव्याच्या हद्दीला लागूनच आहे आणि पावसाआधीचे वारे व प्रवाह दोन्हीकडे सारखेच. त्यामुळे तुमच्या आजोबांच्या 'जहाजाचे डांबर' या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. सरांच्या हातातल्या दोन गोळ्यांचे कुळ मात्र तपासल्यावाचून सांगणे योग्य नाही.

कासवांचा उल्लेख राहिला. काणकोणजवळच्या गालजीबाग किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले वाळूतून निघून पाण्याकडे धावतात ती वाट नेमकी भरतीच्या रेषेवरून, म्हणजे गोळ्यांच्या रांगेतून जाते. समुद्रात गेल्यावरही तरंगणारी छोटी वस्तू म्हणजे खाद्य असे समजून ती तोंडात घेतात.

उद्यमबागचा लेथवाला

धाग्याच्या विषयाबाहेर जात असेन तर थांबवावे. भूस्तर सरांनी माणसाच्या वाट्याचे आकडे दिले, त्यांत जहाजे आणि विहिरींशिवाय आपणही आहोत काय?

भूस्तर

आहोत, आणि बऱ्यापैकी आहोत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये तोच लेखाजोखा नव्याने मांडला. त्यात उत्तर अमेरिकेच्या समुद्रांत जमिनीवरून वाहून येणारे तेल, म्हणजे रस्त्यावर गळलेले वंगण, गटारात ओतलेले जळके ऑइल इत्यादी, हा फार मोठा स्रोत ठरला. बेळगावचा बळ्ळारी नाला मार्कंडेय नदीला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. सरांच्या कंकुंबीला उगम पावणारी मलप्रभाही कृष्णेलाच मिळून बंगालच्या उपसागराला जाते, तर त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पणजीला अरबी समुद्रात उतरते. आपल्या जिल्ह्याचे पाणी दोन्ही समुद्रांना पोहोचते.

उद्यमबागचा लेथवाला

समजले. आमच्याकडे जळके ऑइल पिंपात भरून पुनर्वापरवाल्याला विकले जाते, पण टाकीतले खराब कुलंट कोठे जाते हे मी येथे लिहिणार नाही. उद्या सकाळी आधी ते पाहतो.

निपाणीकर

हिशेब पटला, एक कलम सोडून. हॉलीच्या उदाहरणात पाझर कमी झाला असेल, तर निदान त्या जागेच्या पक्ष्यांचा तरी फायदा झाला असे जमेच्या बाजूला लिहावे, एवढे माझे म्हणणे कायम आहे.

भूस्तर

मान्य. फक्त त्याच जागेपुरते लिहावे.

कंकुंबीकर (धागाकर्ता)

व्याह्यांना हा धागा वाचून दाखवला. २ लाख ते २० लाख ही मर्यादा ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते, नंतर म्हणाले की संदेश पाठवणाऱ्याने एवढे लिहिले असते तर तो कोणी पुढे पाठवलाच नसता.

नंदगडच्या ताई, माझे दोन गोळे तपासणीला देता येण्यासारखे असतील तर ते कसे ठेवावेत? सध्या ते प्लास्टिकच्या पिशवीत आहेत.

नंदगडची

सर, प्लास्टिकमधून आधी बाहेर काढा. प्लास्टिकही तेलापासूनच बनते आणि त्यातील द्रव्ये नमुन्यात उतरून तपासणीचा गोंधळ होतो. स्वच्छ काचेच्या बाटलीत, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा पातळ कागद लावून, फ्रीजमध्ये ठेवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, किनाऱ्याचे नाव आणि भरतीच्या रेषेपासूनचे अंतर लिहा. इतके दिवस पिशवीत राहिल्यामुळे त्यांचा उपयोग मर्यादित होईल, तरी पुढच्या वेळी घरी आले की कंकुंबीला थांबून घेऊन जाईन. त्यातला थोडा भाग तरी कामाचा निघेल.

कंकुंबीकर (धागाकर्ता)

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलवले आहेत. फ्रीजमध्ये ठेवण्यास घरातून अद्याप परवानगी मिळालेली नाही, दह्याशेजारी डांबर नको असे सांगण्यात आले आहे. नातवंडांच्या चपलांचे डाग मात्र साबणाने निघत नाहीत, त्यावर काही उपाय?

माजाळीची लेक

खोबरेल तेल चोळा सर, दहा मिनिटे राहू द्या आणि जुन्या कापडाने पुसा, पायांनाही तेच. रॉकेल लावू नका, मुलांच्या कातडीला आग होते. आणि ते कापड मोरीत धुऊ नका.